पंखातला पीळ: दमट हवेत वाकडा झालेला बाल्साचा पंख सरळ कसा करावा

गणपती गेले, पाऊस ओसरला आणि मी कपाटावरचं ग्लायडर, म्हणजे बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाचं, इंजिनाशिवाय उडणारं मॉडेल विमान, खाली काढलं. जूनच्या सुरुवातीला प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, एक टोक भिंतीला टेकवून ठेवलं होतं. स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर आडवं केलं तेव्हा उजवा पंख नीट बसला. डाव्या पंखाची मागची कड मात्र टोकाशी अशी उचललेली, की खालून करंगळी सहज जावी. तरी त्याच संध्याकाळी ते सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, नेलं आणि हातातून सोडलं. दोन सेकंद सरळ गेलं, मग डावीकडे कलत कलत गोल फिरून कातळावर आपटलं. नाकाचा ठोकळा फुटला, पंख वाचला. त्या दिवसापासून पावसाळ्यानंतर पंख मोजल्याशिवाय मी एकही मॉडेल उडवलेलं नाही.

वाकडा पंख सरळ करण्यात अवघड काही नाही. वाफ किंवा इस्त्री, दोन हात आणि थोडा वेळ एवढंच लागतं. पण आपल्या किनाऱ्यावर बरेच जण सरळ केलेला पंख आठवड्याभरात पुन्हा वाकडा झालेला बघतात आणि बाल्साला दोष देतात. दोष घाईचा असतो. वाफ देणं हे निम्मं काम आहे. उरलेलं निम्मं म्हणजे पंख योग्य आकारात धरून ठेवून सुकवणं, आणि दमट हवेत याच निम्म्याला जास्त वेळ लागतो.

पीळ येतो कुठून

बाल्सा मूळचा दक्षिण आणि मध्य अमेरिकेतला, आणि बाजारातला बहुतेक माल इक्वाडोरमधून येतो. सागाचं घनमीटरभर लाकूड साधारण ६५० किलो भरतं, तर मॉडेलसाठीचा बाल्सा १०० ते २०० किलो. इतकं पोकळ लाकूड हवेतलं पाणी पटकन घेतं आणि पटकन सोडतं. हवेची आर्द्रता ५० टक्के असेल तर लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या नऊ टक्क्यांच्या आसपास पाणी मुरतं. ९० टक्के असेल तर वीस टक्क्यांच्या आसपास. जुलैत आपल्याकडे दिवसचे दिवस हवा त्या वरच्या आकड्याजवळ असते.

लाकूड फुगतं ते रेषेच्या, म्हणजे तंतूंच्या, आडव्या दिशेला. रेषेच्या लांबीत ते जवळजवळ वाढतच नाही. म्हणून स्पार, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणारी मुख्य काडी, लांब होत नाही, पण वरची शीट (बाल्साचा पातळ पत्रा) रुंदीत फुगते, मागच्या कडेची पट्टी फुगते, आणि दोन्ही बाजू सारख्या फुगल्या नाहीत की पंख पिळवटतो. भिंतीला टेकलेल्या बाजूला ओल, दुसऱ्या बाजूला पंख्याचा वारा, एवढंही पुरतं.

दुसरं कारण कव्हरिंग, म्हणजे सांगाड्यावर चढवलेलं पातळ आवरण. टिश्यू म्हणजे पातळ कागद, आणि त्याला ताणून घट्ट करायला त्यावर मारलेला डोप नावाचा लॅकर पुढे कित्येक आठवडे आकसत राहतो. उष्णतेनं आकसणारी प्लास्टिकची फिल्म असेल तर एका बाजूला इस्त्री जास्त लागली की ती बाजू ओढून धरते. सांगाडा जेवढा नाजूक, तेवढा तो या ओढीला लवकर बळी पडतो. तिसरं कारण बांधणीतलं. गोंद पूर्ण सुकण्याआधी पंख फळीवरून उचलला, किंवा ती फळीच मुळात सपाट नव्हती. हा पीळ हवेमुळे आलेला नसतो आणि नुसत्या वाफेनं जातही नाही. त्याकडे शेवटी येऊ.

आधी मोजा, आणि लिहून ठेवा

डोळ्यावर भरवसा ठेवू नका. घरात सपाट जागा शोधा. ओट्याचा ग्रॅनाइट बहुधा ठीक असतो, जाड काच त्याहून बरी. प्लायवूडची फळी आमच्याकडे स्वतःच वाकते. जागा सपाट आहे का ते बघायला स्टीलची लांब पट्टी उभी धरून चारही दिशांना फिरवा. पट्टीखालून उजेड दिसला नाही पाहिजे.

पंखाला डायहेड्रल असेल, म्हणजे दोन्ही पंख मुळापासून वर उचललेले असतील, तर एका वेळी एकच बाजू सपाट ठेवा. मुळाकडच्या बरगडीवर (पंखाला आकार देणाऱ्या आडव्या पट्टीवर) वजन ठेवा, म्हणजे ती हलणार नाही. मग प्रत्येक बरगडीपाशी पुढची कड पृष्ठभागापासून किती वर आहे आणि मागची कड किती वर आहे हे मिलिमीटरमध्ये मोजून कागदावर लिहा. दुसऱ्या पंखाचंही तसंच. पंखाची खालची बाजू सपाट असेल तर हे आकडे थेट उपयोगी पडतात. खालून गोलाई असेल तर मुळाकडच्या बरगडीचे आकडे आधार धरून प्रत्येक ठिकाणचा फरक काढा.

या आकड्यांतून तीन वेगळ्या गोष्टी ओळखायच्या. मुळापासून टोकापर्यंत मागची कड हळूहळू वर किंवा खाली जात असेल तर तो पीळ. दोन्ही कडा एकत्र वर जात असतील तर तो बाक. मागची कडच मध्ये मध्ये लाटेसारखी असेल तर पट्टी पातळ आहे आणि कव्हरिंगनं तिला बरगड्यांच्या मध्ये आत ओढलं आहे. लाट दिसायला वाईट, पण उडण्यात फार आडवी येत नाही. ती मी तशीच सोडतो. पिळाला मात्र माफी नाही.

इथे एक चूक फार होते. कित्येक मॉडेलांच्या आराखड्यातच टोकाकडे मागची कड थोडी वर ठेवलेली असते. त्याला वॉशआउट म्हणतात. टोकाचा हवेशी कोन थोडा कमी असला की वेग मंदावल्यावर टोक आधी स्टॉल होत नाही, म्हणजे त्याची उचल अचानक जात नाही, आणि विमान एका बाजूला कोसळत नाही. ते हौसेनं सपाट करून टाकलं तर विमान आधीपेक्षा वाईट उडेल. आराखडा बघा. दोन्ही पंखांत सारखा वॉशआउट असेल तर तो पीळ नव्हे, त्याला हात लावू नका.

माझ्या ग्लायडरला आराखड्याप्रमाणे टोकाशी ३ मिमी वॉशआउट आहे. उजव्या पंखात तेवढाच भरला. डाव्यात ११. म्हणजे काढायचा पीळ ८ मिमी. टोकाशी पंखाची रुंदी १८० मिमी, आणि या रुंदीला एक अंश म्हणजे साधारण ३ मिमी, म्हणजे डावा पंख अडीच अंशांनी पिळलेला. टोकाला उचल कमी मिळत होती, म्हणून विमान डावीकडे गेलं.

कोणी म्हणेल, एलेरॉनचं (मागच्या कडेवरच्या हलत्या पट्टीचं) ट्रिम थोडं फिरवलं की झालं. सरळ उडताना होतंही. पण पीळ उलट दिशेचा असेल, म्हणजे टोकाशी मागची कड खाली गेली असेल, तर उतरताना वेग कमी झाला की तेच टोक सगळ्यात आधी स्टॉल होतं आणि ट्रिम ते वाचवू शकत नाही. सड्यावर उतरायचं म्हणजे खाली कातळ असतो.

उष्णता देण्याआधी सांधे तपासा

पंख हातात घेऊन हलकेच दोन्ही दिशांना पिळा आणि कान लावा. कुठे टिक् आवाज आला तर तिथला सांधा सुटलाय. स्पारला तडा आहे का ते उजेडासमोर धरून बघा. सुटलेला सांधा तसाच ठेवून दिलेली वाफ वाया जाते. आधी पातळ सायनोचा (झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा) थेंब, मग पुढचं. आत थर्माकोल किंवा फोमचा गाभा असलेल्या पंखाला यातलं काहीच करू नका, तो उष्णतेनं बसतो.

फिल्म असेल तर

हे सगळ्यात सोपं, कारण इथे ओढणारी फिल्मच आहे आणि तिलाच आपण उलट ओढायला लावतो. दोन माणसं हवीत. माझा भाचा सुट्टीत येतो तेव्हा हे काम राखून ठेवतो.

मुळाकडची बाजू टेबलाच्या कडेला मऊ फडकं लावून क्लॅम्पनं धरा. एकानं टोक दोन्ही हातांच्या तळव्यात धरायचं. बोटांनी नव्हे, कारण बोटं बरगड्यांच्या मध्ये रुततात. मग पंख हव्या त्या आकाराच्या पलीकडे उलटा पिळायचा. माझ्या पंखात ८ मिमी चूक होती, म्हणून ३ मिमी वॉशआउटवर न थांबता आणखी ८ मिमी पुढे गेलो. म्हणजे टोकाशी पुढची कड मागच्या कडेपेक्षा ५ मिमी वर. सोडल्यावर पंख थोडा मागे येणारच, त्याची तजवीज आधीच करायची.

पिळल्याबरोबर फिल्मवर तिरक्या सुरकुत्या उमटतात. त्याच आपल्याला हव्या आहेत. दुसऱ्यानं त्या सुरकुत्यांवरून इस्त्री किंवा हीट गन फिरवायची. आधी वर, मग खाली, आणि दोन्ही बाजूंना सारखी. एकाच बाजूला दिली तर पीळ जाईल आणि बाक येईल. फिल्मबरोबर आलेल्या कागदावर चिकटण्याचं आणि आकसण्याचं तापमान वेगवेगळं दिलेलं असतं, त्यातलं आकसण्याचं घ्या. घरातली कपड्यांची इस्त्री चालते, पण तिच्यावर जुना सुती मोजा चढवा. हीट गन एका जागी थांबवू नका, क्षणात भोक पडतं.

सुरकुत्या गेल्या की उष्णता थांबवा आणि पंख तसाच धरून ठेवा. पूर्ण गार होईपर्यंत. पहिल्या खेपेला भाचा म्हणाला, "मामा, हात भरून आले, सोडू का?" मी म्हटलं, गालाला लावून बघ. गालाला फिल्म कोमट लागली. आणखी दोन मिनिटं धरायला लावलं. मग सोडलं, मोजलं, ११ वरून ५ वर आलं होतं. दुसऱ्या खेपेला साडेतीन. तिथे थांबलो. अर्ध्या मिलिमीटरसाठी तिसऱ्यांदा तापवलं तर फिल्मची आकसण्याची ताकदच संपते.

टिश्यू आणि डोप असेल तर वाफ

आधी सावधगिरीचं. नायट्रेट डोप भडकन पेटतो. त्यामुळे गॅसच्या ज्योतीवर किटली ठेवून तिच्या तोंडाशी डोप मारलेला पंख धरायचा नाही. इंडक्शनवर चहाची किटली ठेवा. झाकण बंद, वाफ फक्त चोचीतून यायला हवी. मोदकपात्राची वाफ भरपूर असते, पण ती चारही बाजूंना पसरते, नेमकी जागा तापत नाही. कुकरची शिट्टी काढून वाफ घेण्याच्या भानगडीत कोणी पडू नये. हातात जाड मोजे घाला. वाफेचा चटका खोल जातो.

ओल्या लाकडातलं लिग्निन, म्हणजे तंतूंना एकमेकांशी धरून ठेवणारा पदार्थ, साधारण ८० ते १०० अंशांच्या आसपास मऊ पडतो. तेवढ्या वेळात तंतू थोडे सरकतात, आणि गार होऊन सुकले की नव्या जागी घट्ट बसतात. पंख चोचीपासून वीतभर दूर धरून पिळलेल्या भागावरून अर्धा मिनिट मागेपुढे फिरवा, वरून आणि खालून. टिश्यू ढिला पडेल, घाबरू नका, सुकताना तो पुन्हा ताणतो. मग उलटा पिळून एक-दोन मिनिटं धरा. सांगाडा पांढऱ्या सुतारी गोंदानं जोडलेला असेल तर वाफेनं तो गोंदही मऊ होतो. म्हणून जोर हळू द्या, नाहीतर सांधा सरकेल.

हाताने धरून गार केलेला पंख इथे पुरत नाही. खूप वर्षांपूर्वी मी वाफ दिलेला एक पंख संध्याकाळी सरळ आणि सकाळी वाकडा, असं तीनदा झालं. गावातल्या होडी बांधणाऱ्या मेस्त्रींना तो दाखवला. ते तेव्हा खोपीत एक फळी ओली करून सोडणांच्या विस्तवावर शेकत होते. फळी वाकली तशी त्यांनी ती सांगाड्याला दोरांनी आवळली आणि बाजूला बसून विडी काढली. माझा पंख उलटसुलट बघून म्हणाले, "झिला, गरम केलंस ता बरा, पण सुकासर बांधून ठेवलंस काय?" त्यांची फळी दुसऱ्या दिवशीही दोरातच होती.

बांधून सुकवणं

सपाट काचेवर किंवा ग्रॅनाइटच्या तुकड्यावर वर्तमानपत्र पसरा. पंख ठेवा, टोकाशी पट्ट्या सरकवून हवा तो कोन आणा. सुकवताना जास्तीचा पीळ हातानं धरतो तेवढा नको, चुकीच्या निम्मा पुरे. माझ्या मापांनी सांगायचं तर ३ मिमी वॉशआउटपासून ४ मिमी उलट, म्हणजे पुढच्या कडेखाली १ मिमीची पट्टी. आईस्क्रीमच्या काड्या आणि पत्त्यांचे तुकडे यासाठी उत्तम, हवी तेवढी जाडी जमवता येते.

वर वजन ठेवायला वाळूच्या लहान पिशव्या शिवून घ्या. टणक वजन एका बिंदूवर दाबतं, पिशवी बरगड्यांवर पसरते. पण समुद्राची वाळू भरू नका. तिच्यातलं मीठ हवेतली ओल ओढतं आणि पिशवी पंखावरच पाझरते. मी एकदा पुळणीवरची वाळू भरली आणि दुसऱ्या दिवशी टिश्यूवर ओले डाग मिळाले. नदीची वाळू धुऊन, उन्हात कोरडी करून भरा. नसेल तर तांदूळ.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत हे काम केलं तर सावलीत दोन दिवस पुरतात. पावसाळ्यात आठवडाभर ठेवूनही लाकूड सुकत नाही, कारण सुकायला हवाच कोरडी नसते. तेव्हा मोठं खोकं पालथं घाला, आत जुन्या पद्धतीचा तारेचा ४० वॅटचा पिवळा बल्ब लावा. एलईडी बल्ब इथे निरुपयोगी, त्याची ऊब पुरत नाही. बल्ब पंखापासून हातभर दूर, पुठ्ठ्याला कुठेही न टेकता, आणि खोक्याला वर-खाली दोन भोकं, म्हणजे ओली हवा बाहेर जाईल. आत थर्मामीटर ठेवून ४० अंशांच्या आसपास राहील असं बघा. घरात कोणी नसताना बल्ब चालू ठेवू नका. ताजा डोप मारलेला पंख या खोक्यात मुळीच ठेवायचा नाही.

सुकलं की नाही हे कळायचा माझा मार्ग वजनाचा. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वाफ देण्याआधी पंख तोला आणि आकडा लिहा. पंख पुन्हा त्या आकड्यावर किंवा त्याखाली आला आणि पुढचे बारा तास तिथेच राहिला, की वजनं काढा. त्याआधी नाही.

उघडा सांगाडा किंवा नुसत्या शीटचा पंख

शाळेतल्या मुलांच्या हातफेकी ग्लायडरचा पंख एकाच शीटचा असतो. तो बहुधा पन्हळासारखा वाकतो. खोलगट बाजू आखडलेली असते, म्हणून ओला बोळा फक्त त्याच बाजूला फिरवायचा. पाच मिनिटांत शीट सपाट होते. मग ती सुकवताना दोन्ही बाजूंना हवा लागली पाहिजे. दोन जाळ्यांमध्ये धरून वर वजन ठेवा. काचेवर चिकटवून ठेवली तर वरची बाजू आधी सुकेल आणि पन्हळ उलट दिशेला पडेल.

तरीही पीळ परत आला तर

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तसा काही पंखांचा असतो. सरळ केलेला पंख दुसऱ्या दिवशी मोजा, आठवड्यानं पुन्हा मोजा. पीळ परत आला असेल तर तो बांधणीतच बसलेला आहे, आणि आता ब्लेड काढावं लागेल. याला घाबरू नये, एका सुट्टीचं काम आहे.

वरून-खालून शीट लावलेला पंख म्हणजे बंद नळी. ती बाहेरून पिळली जात नाही. मागच्या कडेपाशी वरची आणि खालची शीट जिथे चिकटते, तो सांधा धारदार ब्लेडनं मुळापासून टोकापर्यंत उघडा. नळी उघडली की पंख आश्चर्य वाटेल इतका सहज फिरतो. फळीवर योग्य कोनात टाचण्यांनी पक्का करा आणि सांधा पुन्हा गोंदानं बंद करा. रात्रभर हलवू नका.

उघड्या बरगड्यांच्या पंखात पिळाला विरोध करणारं काही नसतं, हीच खरी अडचण. एका बाजूचं कव्हरिंग काढा, पंख सपाट जागी पक्का करा आणि वरच्या-खालच्या स्पारच्या मध्ये बाल्साचे पातळ तुकडे बसवा, लाकडाची रेषा उभी ठेवून. शिवाय दर दोन बरगड्यांत एक तिरकी पट्टी, एकदा या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, पुढच्या खणात उलट. वजन चार-पाच ग्रॅमनं वाढतं, पण पंख पिळायला जातो तेव्हा या पट्ट्या ताण घेतात. कव्हरिंगही पंख फळीवर बांधलेला असतानाच चढवायचं.

सड्यावर चाचणी

सकाळी सात-साडेसातला जा. जमिनीवरून समुद्राकडे जाणारा मतलई वारा तोवर मंदावलेला असतो आणि समुद्राचा खारा वारा अजून सुरू व्हायचा असतो. मधे तासभर हवा पडलेली मिळते. गवत वाढलेला भाग निवडा. कातळशिल्पं असतील त्या बाजूला मॉडेलही नको आणि बूटही नकोत. विमान डोक्याच्या उंचीवरून, नाक किंचित खाली ठेवून, भाला फेकल्यासारखं न फेकता पुढे सरकवून सोडा. पाच वेळा सोडा आणि दर वेळी कुठे वळलं ते लिहा. पाचपैकी चार वेळा एकाच बाजूला गेलं तर पुन्हा ओट्यावर मोजणी. इकडे तिकडे दोन्हीकडे गेलं तर तो वारा.

आणि पुढच्या जूनआधी एवढं करा. उघड्या लाकडाच्या कापलेल्या टोकांना सँडिंग सीलरचे (लाकडाची छिद्रं बुजवणाऱ्या लेपाचे) दोन हात द्या, ओल सगळ्यात जास्त तिथूनच आत शिरते. पंख प्लास्टिकमध्ये बांधू नका, सुती चादरीत गुंडाळा. आडवा किंवा भिंतीला टेकवून ठेवण्यापेक्षा मुळाकडच्या बाजूने दोरी बांधून आतल्या भिंतीशी, खिडकीपासून लांब टांगा. मे महिन्यात बंद गाडीत पंख ठेवून जेवायला जाऊ नका, पाऊण तासात फिल्म स्वतःच त्याला पिळून टाकते. माझं ते ग्लायडर आता मधल्या खोलीत तुळईला टांगलेलं असतं, आणि त्याच्या मापांचा कागद तिथेच टाचणीला लावलेला आहे.